सीमेपलीकडची सोयरीक

परभणी जिल्ह्यातील ताडकळसहून विदर्भात जाताना आज सीमा ओलांडल्याचे जाणवतही नाही. १९४८ पर्यंत मात्र हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड सुरू होई. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. पण सोयरिकी दोन्हीकडे होत्या.

रझाकारांच्या अत्याचारांमुळे १९४७-४८ मध्ये मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी सरहद्दीपलीकडे आश्रय घेतला, तेव्हा याच नात्यांचा आधार झाला. उमरखेडच्या शिबिरातून कार्यकर्त्यांची गुप्त ये-जाही चाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले आणि निर्वासितांना परतीची वाट खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ एकाच राज्यात आले. सीमाच पुसली गेली.

पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचारात मराठवाड्यातील मुस्लिम कुटुंबांचीही वाताहत झाली. संस्थानातील काही कुटुंबे पाकिस्तानात गेली. कराचीतील ‘हैदराबाद कॉलनी’ ही त्याची खूण. त्यांच्यापुढील सीमा मात्र कठोर होत गेली. मुनाबावमार्गे २००६ मध्ये सुरू झालेली थार एक्स्प्रेसही २०१९ मध्ये बंद पडली.

एकाच संस्थानातून उठलेल्या या माणसांपैकी काहींना नातलगांच्या भेटीसाठी एसटीचे तिकीट पुरले. काहींची भेट व्हिसावर अडली.