खाट सोडायची, पण जायचे कोठे?

राजूरच्या गणपतीला अंगारकीस येणाऱ्यांची गर्दी सर्वांच्या डोळ्यांत भरते. त्याच गावातून दुखणाईत माणसाला घेऊन जालन्यास आणि पुढे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जाणारे कुटुंब मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ असे सांगितले की या कुटुंबास आनंदच होतो, असे नाही. अर्धांगवायू झालेला म्हातारा घरी आला, म्हणजे त्याच्या उशाशी एकाने बसायचे. जो बसेल त्याची मजुरी बुडाली. रुग्णालयाच्या वहीतून खर्च उतरतो खरा, परंतु तो नाहीसा होत नाही. दुसऱ्याच्या वहीत चढतो. रुग्णास हलविण्यास नातेवाईक का-कू करतात ते बहुधा याच हिशेबामुळे, आणि त्यास सरसकट आडमुठेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सार्वजनिक रुग्णालयातील खाट ही कोणाची मिरास नव्हे. उपचार संपलेल्या माणसाने ती अडविली, तर ज्याचा उपचार सुरूच व्हायचा आहे तो जमिनीवर पडतो.

लंडनमध्ये हा वाद थेट न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये दाखल झालेली एक स्त्री वर्ष उलटले तरी खाट सोडीना. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाची साथ ऐन भरात असताना, उच्च न्यायालयाने रुग्णालयाच्या बाजूने निर्णय दिला. रुग्णाला खाटेवर राहण्याची केवळ परवानगी असते आणि वैद्यकीय गरज संपल्यावर ती काढून घेता येते, असा त्याचा आशय. मात्र तिच्यासाठी निवासाची व शुश्रूषेची सोय बाहेर तयार होती, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ती सोय नसती, तर हाच निर्णय इतक्या सहजपणे देता आला असता काय?

महाराष्ट्रात या प्रश्नास वेगळेच वळण मिळाले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या अमानुष हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना अन्यत्र हलविण्याचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा परिचारिकांनी विरोध केला आणि महापालिकेस माघार घ्यावी लागली. पुढे ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने के.ई.एम.च्या कर्मचारीवर्गालाच त्यांचे निकटचे हितचिंतक मानले. खाटेच्या हिशेबावर माणुसकीने केलेली ही मात होय. पण परिचारिकांच्या जिव्हाळ्यावर राज्याचे आरोग्यधोरण उभे करता येत नाही.

याचा प्रत्यय मनोरुग्णालयांत येतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरी झालेली माणसे वर्षानुवर्षे राहिली, कारण त्यांना न्यावयास कोणी आले नाही. येथे जाण्यास नकार रुग्णाचा नसतो, घराचा असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याच्या कलम १९ नुसार, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही एवढ्याच कारणाने कोणास मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. अशांसाठी समाजात राहण्याजोगे निवारे उभारणे हे शासनाचे काम ठरते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात अशा काही बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत पाठविण्यात आले. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयास ते थांबविण्याचा आदेश द्यावा लागला. आजारातून उठलेल्या माणसास भिकाऱ्यांत बसविणे, यास पुनर्वसन म्हणावयाचे धाडस फक्त कागदच करू शकतो.

मराठवाड्यासाठी जालन्यास प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले आहे. खाटांसाठी पैसा ठेवताना, तेथून बाहेर पडणाऱ्यांच्या निवाऱ्यासाठी आणि त्यांना घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या बुडीत मजुरीसाठीही त्याच अंदाजपत्रकात तरतूद हवी. ती इमारत उभी राहिल्यानंतर नव्हे, आताच मागावयास हवी.