परभाषेतील वस्तुसंग्रहालय आणि पालीचा विद्यार्थी

बौद्ध विद्येचा अभ्यास केवळ ग्रंथांतून पूर्ण होत नाही. मूर्ती, स्तूपावशेष, पट आणि हस्तलिखिते ही देखील धम्माच्या इतिहासाची साधने होत. ती हाताळण्याचे व त्यांची नोंद करण्याचे शिक्षण लहान वस्तुसंग्रहालयात उत्तम मिळते, कारण तेथे माणसे थोडी असतात आणि प्रशिक्षणार्थ्याला सर्वच कामांत हात घालावा लागतो. हे शिक्षण परभाषेत घ्यावयाचे झाल्यास काय घडते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात जपानच्या उदाहरणाने करणार आहोत.

जपानमध्ये 1949 साली होर्युजी विहाराच्या मुख्य सभागृहाला आग लागून तेथील प्राचीन भित्तिचित्रांची मोठी हानी झाली. त्यानंतर 1950 साली सांस्कृतिक संपदा संरक्षणाचा कायदा आणि 1951 साली वस्तुसंग्रहालय कायदा झाला. या दुसऱ्या कायद्यात अभिरक्षकाला ‘गाकुगेइइन’ अशी संज्ञा आहे. ही पात्रता विद्यापीठातून मिळवू इच्छिणाऱ्यास 2012 पासून एकूण 19 श्रेयांकांचा अभ्यासक्रम असून त्यांपैकी 3 श्रेयांक प्रात्यक्षिकाचे आहेत. अनेक विहारांचीही स्वतःची लहान संग्रहालये आहेत. त्यांना ‘होमोत्सुकान’ म्हणजे निधिगृह म्हणतात.

प्रात्यक्षिकाचा आरंभ हातांपासून होतो. अंगठी व घड्याळ काढून ठेवावे, शाईऐवजी पेन्सिल वापरावी, वस्तू दोन्ही हातांनी उचलावी, हे नियम पाहूनही समजतात. खरी कसोटी नोंदपत्रक लिहिताना लागते. वस्तूचे नाव, द्रव्य, माप, घडण, तडे आणि पूर्वीची डागडुजी हे सर्व जपानी भाषेत लिहावयाचे असते. मोजण्याची रीतही निराळी. अधिकृत नोंदीत मूर्तीसाठी ‘कू’ आणि लटकत्या चित्रपटासाठी ‘फुकु’ असे स्वतंत्र गणनाशब्द आहेत. नुसता आकडा लिहून भागत नाही.

पालीच्या विद्यार्थ्याला येथे एक आधार सापडतो. ‘भिक्खू’चे ‘बिकू’ आणि ‘निर्वाणा’चे ‘नेहान’ झालेले तो ओळखू शकतो. हे शब्द चिनी लिपीतून ध्वनिरूपाने गेले. परंतु ‘तथागत’ हा शब्द अर्थाने अनुवादित होऊन ‘न्योराई’ झाला. तेथे कान उपयोगी पडत नाही. भूमिस्पर्श मुद्रेला ‘सोकुची-इन’ आणि ‘गोमा-इन’ अशी दोन नावे आहेत. पहिले भूमीला स्पर्श करणाऱ्या हातावरून आले, तर दुसरे मारविजयाच्या प्रसंगावरून.

ओळखीचा ध्वनी फसवूही शकतो. ‘सोतोबा’ हा ‘स्तूप’ या शब्दाचाच अवतार होय. पण आज जपानमध्ये समाधीमागे उभ्या करतात त्या अक्षरांकित लाकडी फळ्यांनाही तेच नाव आहे. नोंदवहीत ‘सोतोबा’ वाचून ‘स्तूप’ असे भाषांतर करणारा विद्यार्थी फळीचे स्मारक करून ठेवील. तसेच ‘बेन्झाइतेन’ या देवतेचे मूळ सरस्वतीत आहे हे खरे. तथापि जपानी मूर्तीच्या नोंदीत केवळ ‘सरस्वती’ लिहिले, तर त्या मूर्तीचा जपानमधील शतकानुशतकांचा इतिहास पुसला जातो. म्हणून आधी स्थानिक नाव, मग मूळ आणि शेवटी आपले स्पष्टीकरण, हा क्रम पाळणे इष्ट.

या बाबतीत मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्त मननीय आहे. एकाच भांड्याला कोठे ‘पाती’, कोठे ‘पत्त’, तर कोठे ‘सराव’ म्हणतात. आपल्याच जनपदाचा शब्द खरा असा आग्रह धरल्याने कलह उत्पन्न होतो, असे तेथे भगवंतांनी समजाविले आहे. त्याचबरोबर लोकांत रूढ असलेली संज्ञा सोडून भलतीकडे जाऊ नये, असेही सांगितले आहे. भांड्याचे नाव कसे नोंदवावे, या प्रश्नाला याहून नेमके उत्तर आम्हास ठाऊक नाही.

या शिक्षणाचा उपयोग परदेशापुरता नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील लामतुरे संग्रहालयासारखी लहान संग्रहालये आपल्याकडेही आहेत आणि गावोगावी शेतांत, पारांवर भग्न शिल्पे पडलेली आहेत. ज्या शिल्पाची नोंद नाही, त्याला जो कोणी जे नाव देईल तेच पुढे चालते, आणि शेंदूर चढला की मूळ लक्षणे दिसेनाशी होतात. माप, छायाचित्र, सापडल्याचे ठिकाण, गावकऱ्यांच्या तोंडचे नाव आणि मूर्तीची प्रत्यक्ष लक्षणे ही एका कागदावर वेगवेगळी लिहून ठेवणारा माणूस त्या दगडाचा साक्षीदार होतो. मूर्ती बुद्धाची असावी, ही आपली इच्छा त्या कागदावर उतरता कामा नये. तसेच ती बुद्धाची असेल, तर ते सांगणारे एकही लक्षण सुटता कामा नये.

परभाषेत काम करणाऱ्याला प्रत्येक शब्द लिहिण्यापूर्वी थांबून वस्तूकडे पुन्हा पाहावे लागते. ही सवय त्याने मायभाषेत लिहितानाही राखावी.