आधी घरच्यांना बोलवा

दुकानातून बूट उचलणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला कोठडीत टाकायचं, की त्याच्या आजीला बोलवायचं? न्यूझीलंडने १९८९च्या कायद्यात आजीचा मार्ग धरला. खरोखर गरज असल्याशिवाय अशा मुलाला वॉरंटविना अटक करता येत नाही. किरकोळ प्रकरणं ताकीद, माफीपत्र किंवा समाजसेवेवर मिटतात.

त्यापुढची ‘कुटुंब बैठकी’त जातात. माओरी परंपरेतून प्रेरणा घेतलेली ही बैठक मला या व्यवस्थेचा प्राण वाटते. मुलगा, नातेवाईक, पोलीस आणि इच्छा असल्यास पीडित व्यक्ती समोरासमोर बसतात. ज्याचं नुकसान केलं त्याच्याशी नजर मिळवून बोलणं सोपं नसतं. मग घरचे एकांतात चर्चा करून भरपाईचा आराखडा मांडतात. तो सर्वांना पटला आणि मुलाने पाळला, तर आरोप दाखल न होताही प्रकरण संपू शकतं. खुनासारखे गुन्हे मात्र वेगळे हाताळले जातात.