सिंहभूमचा ग्रॅनाइट आणि पहिली कोरडी जमीन

सह्याद्रीचा काळा कातळ आपल्याला फार पुरातन वाटतो. पण तो साधारण ६.६ कोटी वर्षांचा; भूविज्ञानाच्या हिशेबी तरुणच म्हणायचा! झारखंड व ओडिशातील सिंहभूमच्या टापूत मात्र ३५० ते ३२० कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटी खडक आहेत. समुद्रातून कोरडी जमीन प्रथम कशी वर आली, याचा पुरावा त्यांच्यात सापडतो.

एवढे वय मोजतात तरी कसे? ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन या खनिजाचे वाळूच्या कणासारखे बारीक स्फटिक असतात. स्फटिक बनताना त्यात थोडे युरेनियम सामावते. शिसे जवळजवळ शिरतच नाही. पुढे युरेनियमच्या अणूंचे ठरावीक गतीने विघटन होऊन अखेर शिसे तयार होते. युरेनियम-२३८ चे निम्मे अणू असे बदलण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. आज स्फटिकात दोन्ही किती आहेत हे मोजले की वय निघते. झिरकॉन मोठे चिवट! मूळ खडक झिजून गेला, तरी त्याचे कण वाळूत टिकून राहतात.

आता या खडकाच्या जन्माकडे वळू. भूकवचाखालील प्रावरण अंशतः वितळले की सामान्यतः बेसाल्टचा शिलारस निघतो, ग्रॅनाइटचा नव्हे. ग्रॅनाइटसाठी दुसरी पायरी लागते. पाण्याचा अंश असलेला बेसाल्ट खोल जाऊन तापला, तर त्यातील लवकर वितळणारे घटक रसरूपाने वेगळे होतात आणि बाकीचा गाळ खाली उरतो. लोणी कढवल्यावर तूप निघते व बेरी तळाशी राहते, तसेच काहीसे. हा रस थिजून ग्रॅनाइटी खडक होतो. म्हणजे सिंहभूमच्या ग्रॅनाइटपूर्वी तेथे बेसाल्टचे कवच असलेच पाहिजे.

ते किती खोलीवर वितळले, हेही कळते. फार खोलवर, प्रचंड दाबाखाली, उरलेल्या गाळात गार्नेट हे खनिज तयार होते. इटर्बियम नावाचे मूलद्रव्य गार्नेट स्वतःकडे धरून ठेवते. त्यामुळे वर चढणाऱ्या रसात ते फार थोडे उरते. ग्रॅनाइटमध्ये इटर्बियम कमी, तर तो खोलवरून आला, असा हा सुंदर हिशेब आहे.

अशा मूलद्रव्यांवरून प्रियदर्शी चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवले, की सिंहभूममध्ये काळाच्या ओघात शिलारस अधिकाधिक खोलीवरून येऊ लागला; अर्थात तेथील कवच जाड होत जाऊन सुमारे ५० किलोमीटरपर्यंत पोचले. ग्रॅनाइट बेसाल्टपेक्षा हलका. पाण्यावर तरंगणारा जाड ओंडका पातळ फळीपेक्षा अधिक वर दिसतो, त्याप्रमाणे हे जाड, हलके कवच ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी समुद्राबाहेर उचलले गेले.

याला साक्ष आहे ती तेथल्याच वालुकाश्मांची. नदीने आणि किनाऱ्यावरील लाटांनी पसरलेल्या वाळूच्या खुणा त्यांत आहेत, आणि त्यांतील झिरकॉनच्या कणांवरून त्यांचा काळही ठरवता आला. नदी वाहायची तर जमीन पाण्याबाहेर हवीच!

कवच जाड का झाले, यावर मात्र वाद आहे. प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण द्रव्यामुळे शिलारसाचे थर एकाच जागी साचत गेले, असे चौधरींच्या गटाचे मत. आजच्याप्रमाणे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकण्याची क्रिया त्या काळीही चालू होती आणि असे ग्रॅनाइट तिच्यातून बनले, असे दुसरे काही भूवैज्ञानिक मानतात.