तयार गाडी की नोंदणीची गाडी?

कपडा शिवून घ्यावा की तयार विकत घ्यावा, हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय घरात एके काळी दर दिवाळीला पडत असे. शिवलेला कपडा अंगाला नेमका बसे. पण शिंपी कबूल केलेल्या दिवशी तो देईलच, याची शाश्वती नसे. तयार कपडा तत्काळ हाती येई. पण बाही आखूड तरी निघे, नाहीतर गळा सैल तरी. अमेरिकेत पिकअप ट्रक घेणाऱ्यापुढे हाच प्रश्न कितीतरी मोठ्या रकमेच्या संदर्भात उभा राहतो. विक्रेत्याच्या आवारात उभी असलेली गाडी उचलावी, की आपल्या गरजेनुसार कारखान्याकडे मागणी नोंदवून दोन-तीन महिने थांबावे? वरवर पाहता हा घरगुती हिशेब वाटतो. वस्तुतः उत्पादनातील जोखीम आणि प्रतीक्षेचा खर्च कोणी सोसायचा, हा अर्थशास्त्रातील मूलभूत प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

पिकअप हे तेथील चैनीचे वाहन आहे तसेच कष्टकऱ्याचे अवजारही आहे. शेतकरी, सुतार, नळकारागीर, लहान कंत्राटदार यांचा धंदा त्यावर चालतो. फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी गाडीला मागे हौदा जोडून कारखान्यातच तयार केलेला पिकअप २८१ डॉलरला बाजारात आणला. त्याच कंपनीची 'एफ' मालिका १९७७ पासून दीर्घकाळ त्या देशातील सर्वाधिक खपाची ट्रक-मालिका ठरली. आज या गाडीत केबिन तीन प्रकारची, हौदा साडेपाच, साडेसहा किंवा आठ फुटांचा, इंजिने अनेक, शिवाय ट्रेलर ओढण्याची क्षमता वेगवेगळी. या सर्वांचा गुणाकार केला, तर संभाव्य प्रकारांची संख्या कोणत्याही विक्रेत्याच्या आवारात मावणार नाही, हे उघड आहे.

साठा कोणाच्या सोयीसाठी?

आवारातील गाड्यांची रांग ग्राहकाच्या सोयीसाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धसत्य आहे. मोटारीचा कारखाना उभारण्यास प्रचंड भांडवल लागते आणि तो बंद ठेवणे परवडत नाही. मागणी असो वा नसो, गाड्या बाहेर पडत राहिल्या पाहिजेत. मग त्या ठेवायच्या कोठे? १९२०-२१ च्या मंदीत हेन्री फोर्ड यांनी या प्रश्नाचे रोखठोक उत्तर दिले. न मागितलेल्या गाड्या त्यांनी विक्रेत्यांकडे रवाना केल्या आणि त्यांचे पैसे रोख मागितले. विक्रेत्यांनी आपापल्या गावच्या बँकांकडून कर्जे काढली. कंपनीला कर्ज काढावे लागले नाही. ते तिच्यासाठी हजारो विक्रेत्यांनी काढले! ही पद्धत पुढे सौम्य झाली, विक्रेत्यांना कायद्याचे संरक्षणही मिळाले. परंतु साठ्याचा भार उत्पादकाकडून विक्रेत्याकडे सरकवण्याचे तत्त्व कायम राहिले. बहुतेक राज्यांच्या कायद्यांनुसार अशा कंपन्यांना आपल्या अधिकृत विक्रेत्यांना डावलून थेट ग्राहकास गाडी विकता येत नाही. त्यामुळे नोंदणीसुद्धा विक्रेत्यामार्फतच करावी लागते.

विक्रेता या गाड्या प्रायः कर्जावर घेतो. समजा, एका गाडीची किंमत ५०,००० डॉलर आणि व्याजाचा दर ८ टक्के आहे. वर्षाचे व्याज ४,००० डॉलर, म्हणजे दिवसाला सुमारे ११ डॉलर झाले. आवारात अशा शंभर गाड्या असतील, तर सूर्य उगवला की अकराशे डॉलर खर्ची पडलेच. व्याजदर २ टक्के असेल, तर हाच आकडा पावणेतीनशेच्या आसपास येतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला आपला दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. तेव्हा आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचे ओझे विक्रेत्याला नव्याने जाणवू लागले असणार, हे सांगायला नकोच.

ग्राहकाचे बळ नेमके येथे आहे. जी गाडी तीन-चार महिने खपलेली नाही, ती विक्रेत्याला रोज टोचत असते. वर्षाचे नवे मॉडेल येऊ घातले की जुने काढून टाकण्याची घाई होते आणि कंपनीही सूट जाहीर करते. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, हे दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते. १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर किंमतपत्रक लावणे बंधनकारक केले. पुढे पिकअपवरही तसे पत्रक दिसू लागले. गाडी डोळ्यांसमोर, किंमत काचेवर, वय दारावर. एवढी माहिती हाती असलेला खरेदीदार घासाघीस करू शकतो. गाडी चालवून पाहता येते आणि संध्याकाळी घरीही नेता येते.

तयार मालाची छुपी किंमत

तरीही तयार गाडी स्वस्तच पडते, असे मानणे चुकीचे ठरेल. विक्रेता साठा करतो तो सर्वसाधारण पसंतीचा अंदाज घेऊन आणि आपल्या नफ्याकडे डोळा ठेवून. साहजिकच आवारात ऐसपैस केबिनच्या, आखूड हौद्याच्या, चामडी आसनांच्या महागड्या गाड्यांची गर्दी असते. ज्या सुताराला चार फूट रुंद आणि आठ फूट लांब प्लायवुडचा तक्ता हौद्यात सपाट ठेवायचा आहे, त्याला आठ फुटी हौदाच लागतो. त्याला चामडी आसनाचे काय कौतुक? अशा साध्या, कामाच्या गाडीचा आवारात शोध घेताना तो दमतो आणि अखेर नको असलेल्या सोयींसाठी काही हजार डॉलर अधिक मोजतो. त्याला दोन हजारांची सूट मिळाली, पण चार हजारांच्या अनावश्यक वस्तू गळ्यात पडल्या, तर त्यात त्याने काय कमावले? सूट डोळ्यांना दिसते, अनावश्यक खर्च दिसत नाही, एवढाच फरक.

नोंदणी करणारा या फासातून सुटतो. तो मागतो तेवढेच घेतो व तेवढ्याचेच पैसे देतो. त्याच्या गाडीवर विक्रेत्याचे दीर्घकाळचे व्याज चढत नसल्याने वाजवी भाव मागण्याचा त्याला नैतिक अधिकारही पोहोचतो. परंतु त्याची जोखीम वेगळी आहे. गाडी येईपर्यंत कर्जाचा दर वाढू शकतो. नोंदणीच्या दिवशी चालू असलेली सूट गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी संपलेली असू शकते. आणि थांबण्याच्या काळात जुनी गाडी बंद पडली, तर त्याचा रोजगार बुडतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण अशा माणसासाठीच आहे.

नोंदणी आणि रांग

येथवरचा विचार मुबलकतेच्या काळाला लागू पडतो. टंचाई आली की चित्र पालटते. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला. एकेका चिपेसाठी अडलेल्या हजारो अपूर्ण गाड्या फोर्डला मोकळ्या मैदानांवर उभ्या कराव्या लागल्या. केंटकीमधील मोटार-शर्यतींचे मैदानही त्यासाठी वापरले गेले. विक्रेत्यांची आवारे ओस पडली. काचेवरील किमतीच्या वर काही हजार डॉलर मागण्याची प्रथा इतकी बोकाळली, की २०२२ च्या प्रारंभी मोठ्या कंपन्यांना आपल्याच विक्रेत्यांना ताकीद द्यावी लागली. जून २०२१ मध्ये जुन्या मोटारींच्या किमती वर्षभरापूर्वीच्या तुलनेत तब्बल ४५ टक्क्यांनी वाढल्या होत्या. याच काळात यापुढे साठा कमी ठेवून नोंदणीवर अधिक भर देण्याचा मानस फोर्डच्या प्रमुखांनी बोलून दाखवला. कंपनीच्या दृष्टीने तो रास्त होता. कमी साठा म्हणजे कमी सूट, हे त्यामागील गणित ओळखणे कठीण नव्हते.

मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी सत्तरच्या दशकात व पुढेही लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. उत्पादनक्षमता वाढवायला सरकारी परवाना लागे, मागणी मात्र परवाना मागून वाढत नसे. परकीय चलन भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळे. नंबर लागलेला माणूस ती बाहेर काढून 'ऑन' घेऊन विकू शकत असे आणि वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या किमतीपेक्षा महाग जाई. त्या प्रतीक्षेलाही नोंदणीच म्हणत. पण रंग, प्रकार वा सोयी निवडण्याचा तीत प्रश्नच नव्हता. ती निव्वळ रांग होती. १९८५ नंतर परवान्यांचे बंधन सैल झाले, स्पर्धा वाढली आणि रांग ओसरली.

नोंदणी व रांग यांतील हा भेद ध्यानी घेतला पाहिजे. शेजारच्या आवारात तयार गाडी उपलब्ध असताना जो थांबतो, तो आपल्या मर्जीने थांबतो. म्हणूनच त्याच्याशी विक्रेत्याला अदबीने वागावे लागते. तयार गाडीच नसेल, तर थांबणे ही सक्ती ठरते आणि तिचा मोबदला ग्राहकाकडून वसूल केला जातो. नोंदणी करणाऱ्यालाही खरे संरक्षण मिळते ते आवारातील साठ्यामुळेच. साठा हा निव्वळ अपव्यय आहे, असे म्हणणाऱ्या व्यवस्थापनशास्त्रज्ञांनी याचा विचार करावयास हवा.

मग खरेदीदाराने करावे काय? ज्याची जुनी गाडी अद्याप धडधाकट आहे आणि ज्याच्या कामाला विशिष्ट हौदा किंवा ओढण्याची विशिष्ट ताकद लागते, त्याने मागणी नोंदवणे श्रेयस्कर. मात्र किंमत लेखी घ्यावी, सूट कोणत्या दिवशीची लागू होणार हे विचारून ठेवावे आणि इसाराची रक्कम परत मिळण्याची अट कागदावर आणावी. ज्याची गाडी मोडून पडली आहे व ज्याचा रोजचा धंदा तिच्यावर अवलंबून आहे, त्याने तयार गाडी घ्यावी. पण महिन्याच्या किंवा वर्षाच्या अखेरीस, आवारात सर्वांत जुनी उभी असलेली. गरज साधारण असेल, तर दुसऱ्या विक्रेत्याच्या आवारातील गाडी अदलाबदलीने मागवण्याचा मधला मार्गही असतो.

दोन्ही पक्षी हिशेब मांडताना गाडीच्या किमतीबरोबर बुडणाऱ्या रोजगाराचे दिवस आणि न लागणाऱ्या सोयींचे डॉलर हेही मांडले पाहिजेत. विक्रेता आपल्या व्याजाचा हिशेब रोज करतो. खरेदीदाराने आपल्या प्रतीक्षेचा हिशेब एकदा तरी करावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.