तासांचं घड्याळ आणि तीन महिन्यांची साखर

कोविडच्या लाटांमध्ये मराठी घरं एक नवी भाषा शिकली. कालपर्यंत बीपीच्या गोळीपुढे न गेलेल्या मावश्या फोनवर विचारू लागल्या, "सीआरपी किती आला? डी-डायमर केलात ना?" घरात मधुमेही असला की आवाज आणखी खाली यायचा.

या सीआरपीची पहिली चाहूल १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लागली. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात जंतूचा 'सी' नावाचा अंश मिसळत, साका बसे. रुग्ण बरा झाला की बसेनासा होई. साका धरणारं ते प्रथिन आपलंच यकृत बनवतं. फुप्फुसात झुंज जुंपली की आयएल-६ नावाचा निरोप्या रक्तातून यकृतापर्यंत पोचतो आणि सहा-आठ तासांत सीआरपी चढू लागतं. एरवी लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम, भडका उडाला तर शेकडो. निरोप थांबला की साधारण १९ तासांत निम्मं! इतकी ताजी बातमी देणाऱ्या तपासण्या थोड्याच.

मधुमेहात मात्र हा निरोप्या पुष्कळदा आधीपासूनच कामाला लागलेला असतो. पोटातली चरबी बारा महिने दबक्या आवाजात आयएल-६ धाडत राहते, म्हणून विषाणू नसतानाही सीआरपी थोडं वरच. फेरिटिन या दाहाच्या दुसऱ्या खुणेचीही तीच तऱ्हा. मला म्हणूनच सुट्या आकड्यापेक्षा दोन दिवसांतला चढ जास्त बोलका वाटतो. साध्या सीबीसीतही, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतही, खूण मिळते: आजार गंभीर वळणावर गेला की लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल वाढतात.

खरं कोडं साखरेचं. तापात दाखल झालेल्या माणसाची साखर ३०० निघाली, तर ती जुनी की आजाराने आत्ता चढवलेली? संसर्गाच्या ताणात कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनलिन यकृतातली साखर बाहेर काढतात, त्यामुळे मधुमेह नसलेल्याचीही वाढते. उत्तर जांभळ्या टोपणाच्या बाटलीत असतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात दिसलं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. चिकटली की सुटत नाही. ही चिकटलेली साखर मोजणाऱ्या तपासणीला लॅबवाले सरळ 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात. (अॅनिमियात हे घड्याळ चुकू शकतं.)

२०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू घटवले. हे स्टिरॉइड दाह शमवतं आणि साखर वाढवतं. वॉर्डातल्या एकाच तक्त्यावर सीआरपीची रेघ उतरत असते, साखरेची चढत असते, आणि तीन महिन्यांची साखर तेवढ्या दिवसांत जवळपास जागची हलत नाही.