जुन्या पुराच्या रेघेवर विसंबू नका

कृष्णाकाठच्या गावांत काही घरांच्या भिंतींवर रंगाने ओढलेली एक रेघ दिसते. शेजारी साल असते, २००५. 'पाणी इथवर आलं होतं,' असे घरातली वडील माणसे सांगतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये याच रेघेने पुष्कळांना फसवले. 'याच्या वर काही पाणी जात नाही,' म्हणून सामान रेघेच्या हातभर वर रचले आणि माणसे घरातच थांबली. पण सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. रेघ बुडाली, धान्य भिजले, आणि माडीवर बसून नावेची वाट पाहण्याची पाळी आली. २०२१ च्या जुलैत पूर पुन्हा आला. तेव्हा वाचकहो, जुनी रेघ ही पाण्याची हद्द नव्हे, तो इशारा आहे.

मग करावे काय? आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी. किती फूट झाले म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते आणि गावाबाहेरचा रस्ता केव्हा बंद होतो, हे दोन आकडे माहीतगारांना विचारून दाराआड लिहून ठेवा. घर सोडायचे ते रस्ता बंद होण्याआधी; पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबू नका.

मृगाआधीच ७/१२ चे उतारे, बँकेची पुस्तके, रेशनकार्ड, मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एकाच जागी ठेवा. बी-बियाणे उंच जागेवरच्या नातलगाकडे पोचवा. जनावरे एक दिवस आधी हलवा. ते जमलेच नाही, तर निदान दावी सोडा. बांधलेले जनावर जागच्या जागी बुडते. निघताना विजेचे मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा.

पाणी ओसरले म्हणून लगेच आत शिरू नका. दगड-मातीची भिंत पाणी उतरतानाच खचते. आधी बाहेरून भिंतींचे फुगवटे आणि भेगा पाहा. आत जाताना हाती काठी असू द्या. अडगळीत साप असतो. साफसफाईपूर्वी पंचनाम्यासाठी फोटो काढा. गाळ ओला असतानाच उपसा, वाळला की दगडासारखा होतो. तारा आणि बटणे वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. पाणी उकळूनच प्या. बुरसटलेले धान्य स्वतः खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

या उन्हाळ्यात एका रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. कागदांची पिशवी कोणी घ्यायची, आजीला कोणी न्यायचे, गोठा कोणी मोकळा करायचा, हे नावानिशी ठरवा. पुराच्या रात्री विचार करायला उसंत मिळत नाही. आधी ठरवलेले तेवढेच हातून होते.